मामीचा मोठा पाळणा

आमच्या मामीला चहा हवा असला की घरात दुसऱ्याच कुणाला तरी तलफ यायची. "आवं, तुमचं डोकं दुखतंय न्हवं? च्या टाकते," असं ती मामांना म्हणायची आणि मामा बिचारे आपलं डोकं खरंच दुखतंय की काय, हे कपाळावर हात ठेवून चाचपायचे. नवी साडी घेतली तर ती दुकानदार गळ्यात पडला म्हणून घेतलेली असायची. उन्हात काही गार खावंसं वाटलं तर एखाद्या पोराला ते संपत नसायचं आणि वाया कशाला घालवायचं म्हणून मामी ते संपवायची. आणि वर्षातून एकदा मामीला पाळण्यात बसावंसं वाटलं, की आम्हा पोरांचा हट्ट सुरू व्हायचा. निदान मामांच्या कानावर तरी तो तसाच जायचा.

आम्ही साताऱ्यात राहायचो. वडील सरकारी कचेरीत होते आणि त्यांना सुट्टी अशी नसायचीच, म्हणून मे महिना लागला की मला एकटीला आजोळी पोचवलं जायचं. आजोळ शिराळ्याच्या वाटेवर, उसाच्या पट्ट्यात. मामांचं रान, गोठ्यात म्हशी, सतत येणारी-जाणारी माणसं आणि या सगळ्याच्या मधोमध मामी. पहाटे धारा, मग भाकऱ्या, मग रानात जेवण पोचवायचं, ते झालं की तिथंच खुरपं हातात घ्यायचं, संध्याकाळी परत धारा. मामी निवांत बसलेली मी त्या घरात कधी पाहिलीच नाही. ती बसलेली बघायची तर पाळण्यातच.

हायवेला, साताऱ्याच्या आणि आजोळच्या साधारण मध्ये, तेव्हा एक पार्क नवीन झालं होतं. आत पाण्याच्या घसरगुंड्या, हवेत झुलणारी होडी, लहान मुलांची आगगाडी आणि सगळ्यांत उंच असा मोठा पाळणा. नाव काहीतरी इंग्रजी होतं, पण आमच्या गावात सगळे त्याला नुसतं 'पार्क' म्हणायचे. मामीनं त्याआधी पाळणा पाहिला होता तो जत्रेतला, माणसांनी हातानं ढकलून फिरवायचा. लग्न झाल्यावर तोही सुटला. सून म्हणून जत्रेला जायचं ते नारळ आणि फुलं घेऊन, पाळण्याकडे पाठ करून.

हंगाम संपून साखर कारखाना बंद झाला, उसाची गडबड सरली, की मामी कामाला लागायची. "पोरं लय किरकिर कराय लागल्यात," ती मामांच्या ताटात आमटी वाढता वाढता म्हणायची. "एकदा फिरवून आना. न्हाईतर सुट्टीभर डोकं खात्यात." तिचा मुलगा संजूदादा आणि मी समोरच खाली मान घालून जेवत असायचो. सकाळपासून आम्ही चकार शब्द काढलेला नसायचा. मामा आमच्याकडे डोळे वटारून बघायचे, संजूदादा माझ्याकडे बघायचा आणि मी मामीकडे. मामी शांतपणे भात वाढत असायची. मग आम्हीच काय ते समजून घेऊन किरकिर सुरू करायचो.

एरवी हायवेला वडापचे प्रवासी भरणारी एक जीप त्या दिवसापुरती आमची व्हायची. पहिल्या वर्षी मामीनं पहाटे उठून धपाटे केले, बरोबर दह्याचं गाडगं, शेंगदाण्याची चटणी, वर गोड म्हणून दशम्या. पार्कच्या दारावर पहारेकऱ्यानं गाठोडं अडवलं. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असा नियम होता. "गाडीत ठेवा मावशी, संध्याकाळी खावा," तो म्हणाला. मामीला त्याची कीव आली. "मे म्हैन्याचं ऊन हाय बाबा. दही जीपमदी ठिवलं तर संध्याकाळी काय ऱ्हाईल त्याचं? आन्न हाय ते." मग दाराबाहेरच्या लिंबाखाली चादर पसरली गेली आणि सगळ्यांनी तिथं बसून ते गाठोडं सकाळीच संपवलं. पहारेकऱ्यालाही दोन धपाटे हातावर मिळाले. गाठोडं रिकामं झाल्यावरच मामी उठली आणि आम्ही तडस लागलेल्या पोटांनी थेट जाऊन त्या झुलणाऱ्या होडीत बसलो.

पुढं काय झालं ते सविस्तर सांगत नाही. मामा नंतर बराच वेळ नळापाशी बसून होते. उठले ते, पुन्हा असल्या कशात बसणार नाही असं ठरवूनच, आणि त्या दिवसापासून पिशव्या सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे आलं. मामी मात्र होडीतून उतरली ती पदर सारखा करत, देवळातून बाहेर पडावं इतक्या शांतपणे. गाठोड्याचा धडा तिनं काही घेतला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा धपाटे, पुन्हा दही, पुन्हा तोच लिंब. "गेल्या साली त्यो मानूस नवा हुता, त्याला कळलं न्हाई," असं तिचं म्हणणं. तो माणूस दर वर्षी तिथंच असायचा, आणि मला वाटतं पुढं पुढं तो आमची वाटही बघत असावा.

यंत्राला हात जोडल्याशिवाय मामी त्यात बसायची नाही. घरी ट्रॅक्टरला, विहिरीवरच्या मोटारीला, गिरणीतल्या जात्यालाही तिचं हळदीकुंकू असायचं. तिथंही पाळण्याच्या लोखंडी खांबाला ती बोटानं हळदीकुंकू लावायची. पाळणा चालवणारा पोरगा पहिल्यांदा हसला. "मावशी, हे रोज तपासतात." मामी म्हणाली, "तुमी तपासा की. आमी पाया पडतो. दोनी व्हायला काय हरकत हाय?" मामा लांब उभे राहून दुसरीकडे बघायचे, जणू या बाईशी आपली ओळखच नाही.

आता माझं सांगते. मला पाळण्याची भयंकर भीती वाटायची. वर जाताना पोटात जो खड्डा पडतो त्यानं माझा जीव जायचा. मी मामीचा पदर मुठीत घट्ट धरून, डोळे मिटून बसायचे आणि खाली येईपर्यंत रामरक्षा म्हणायचे, तीही अर्धी, कारण पुढची येत नव्हती. चौथीच्या सुट्टीत मी ठरवलं, आता बास. पाळण्याच्या दाराशीच मी भोकाड पसरलं. संजूदादा पाण्यात गेला होता. मामीनं लगेच मला जवळ घेतलं. "बरं, नगं बसू. माझं काय, मी तुझ्यासाठीच आलेली," म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

मी तिच्याशेजारी नाक पुसत बसले होते. मामी पाळण्याकडे बघत होती. एक डबा खालून वर जाई, तशी तिची मान त्याच्याबरोबर वर जाई. तो खाली आला की मान खाली. मग पुढचा डबा. मी दहा वर्षांची पोरगी, पण मला ते कळलं. कुणी सांगितल्यावर कळतं तसं नाही, एकदम कळलं. हिला बसायचंय. आमच्यापैकी कुणालाही नव्हतं इतकं हिला बसायचंय, आणि मी नाही बसले तर ही बसणार नाही. लेकरू मांडीशी नसताना बाईमाणसानं एकटीनं पाळण्यात बसणं हे तिच्या जगात होतच नव्हतं. मी म्हटलं, "मामी, मला बसायचंय." ती म्हणाली, "खरंच?" मी मान हलवली. माझ्याआधी ती उठली होती.

तेव्हापासून आमचा एक करार झाला, न बोलता. मी पाळण्याचा हट्ट करायचा आणि मामीनं नाइलाजानं तो पुरवायचा. पाण्याच्या भागात गुडघाभर पाण्यात मी उभी असले की "पोरगी बुडंल" म्हणून मामी पाण्यात उतरायची. तिथं साडी चालत नाही, म्हणून भाड्याचे निळे, सुळसुळीत कपडे घालून ती पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा मामांनी पिशवीतलं वर्तमानपत्र काढून तोंडापुढं धरलं. वरून पाणी पडत होतं तिथं मामी बराच वेळ बसून राहिली. मी केव्हाच बाहेर येऊन केस पुसत होते. बुडणारं तिथं कुणीच नव्हतं.

अडचण एवढीच होती की मामीला वर्षाकाठी मिळणारा तो एक दिवस माझ्या हट्टावर टिकून होता आणि मी दर वर्षी मोठी होत होते. संजूदादा सैन्यात भरती झाला आणि त्याच्या नावावर आता काही खपेना. मी दहावीला गेले तेव्हा मामा म्हणालेच, "आता ही काय ल्हान हाय का? यंदा कशाला पार्क?" चुलीपुढं बसून मामी आमटी ढवळत राहिली, ढवळायची गरज नसताना. मी म्हटलं, "मामा, मला जायचंय. वर्षभर अभ्यास करणार आहे, एक दिवस तरी जाऊ दे." कॉलेजात मैत्रिणी महाबळेश्वरला जायच्या आणि मी पाळण्यात बसायला आजोळी. "साताऱ्याची पोरगी अजून पाळण्यात बसती," हे गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मला हसायचे. हसू देत, असं मला तेव्हाही वाटायचं, कारण मामीइतकं प्रेम माझ्यावर त्या गावात दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

मला बघायला पाहुणे आले तेव्हा मामी मुद्दाम साताऱ्याला आली होती. मुलीला आवड कशाची, असं त्यांनी विचारलं. आईनं वाचन आणि विणकाम अशी उत्तरं तयार ठेवली होती, पण ती तोंड उघडायच्या आत मामी दारातून म्हणाली, "हिला पाळन्याची लय आवड. येडी हाय निसती." अगदी कौतुकानं म्हणाली. सांगलीचा तो मुलगा हसला, आणि ही गोष्ट त्यानं लक्षात ठेवली. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला मला न सांगता तो मला मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कात घेऊन गेला आणि ज्यात माणूस डोकं खाली पाय वर होतो अशा कशात तरी बसवलं. उतरल्यावर मी जमिनीवरच बसले आणि त्याला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. तो पोट धरून हसला. त्यानंतर दर मे महिन्यात मामांना फोन करायचं काम त्यानं अंगावर घेतलं. "मामा, ही ऐकत नाही बघा. पाळण्यात बसायचं म्हणते. काय करू?" मामा फोनवर सुस्कारा सोडायचे. "जावईबापू, ल्हानपनी लय लाडावून ठिवलीय तिच्या मामीनं."

मग जुई झाली. सांगलीच्या दवाखान्यात मामीनं तिला पहिल्यांदा हातात घेतलं, डोक्यावरचं टकुचं सारखं केलं, आणि तिला नखशिखान्त न्याहाळून म्हणाली, "उंच हुईल ही." पार्कातल्या पाळण्यापाशी एक रंगवलेलं अस्वल आहे, त्याच्या हातापर्यंत डोकं पोचलं तरच मुलाला आत सोडतात. मामीच्या मनात ते अस्वल होतं, हे मी तेव्हाच ओळखलं. मला हायसं वाटलं. माझ्या हट्टाचं वय कधीच उलटून गेलं होतं, आणि आता मामीला पुढच्या दहाबारा वर्षांची सोय झाली होती.

जुईचं डोकं अस्वलाच्या हाताला लागलं त्या वर्षी आम्ही सगळे गेलो. लिंबाखाली धपाटे खाऊन झाले, खांबाला हळदीकुंकू झालं. मामीचे केस आता पांढरे झाले होते, पण पाळण्याकडे ती चालायला लागली की आम्ही मागं पडायचो. दाराशी जुई थांबली.

"मला नाही बसायचं," ती म्हणाली.

"आसं काय करतीस बाय? तुझ्यासाठी तर आलोय समदी."

"माझ्यासाठी?" जुईला खरंच नवल वाटलं. "मी म्हटलंच नव्हतं. आईलापण भीती वाटते, ती डोळे मिटून बसते. मामीआजी, तुला बसायचंय ना? मग तू बस की."

आमच्या घरात कुणी कधी न बोललेलं वाक्य त्या पोरीनं सहज बोलून टाकलं. मामा पिशव्या घेऊन शेजारीच उभे होते. 'मला बसायचंय' हे माझ्या अगदी ओठावर आलं, इतक्या वर्षांची सवय. पण मामी माझ्याकडे बघतच नव्हती. ती मामांकडे बघत होती. तिनं पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला.

"व्हय," ती म्हणाली. "मला बसायचंय." आणि थोडं थांबून, "पयल्यापास्नं मलाच बसायचं आसायचं."

मामा रागावतील किंवा हसतील असं मला वाटलं. दोन्हींतलं काहीही झालं असतं तरी ती बाकावर जाऊन बसली असती आणि पुन्हा कधी त्या दारात गेली नसती. मामांनी एका खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मग जा की," ते म्हणाले. "मी कवा न्हाई म्हनलंय?"

आणि ते खरं होतं. ते तिला कधीच नाही म्हणाले नव्हते, कारण तिनं स्वतःसाठी कधी विचारलंच नव्हतं. मामीनं ते ऐकून पदर कमरेला खोचला. मग आत गेली. पाळणा चालवणाऱ्यानं विचारलं, "बरोबर कोण आहे?" ती म्हणाली, "कोन न्हाई." पाळणा फिरून खाली आला, ती उतरली आणि आमच्याकडे न येता सरळ जाऊन पुन्हा रांगेत उभी राहिली. आम्ही बाकावर बसून होतो. मला फार आनंद झाला होता, आणि थोडं वाईटही वाटत होतं. मामीला आता माझी गरज नव्हती.

त्यानंतर मामी बदलली, पण घरच्यांच्याच लक्षात येईल इतकी. "मला च्या पायजे, तुमाला टाकू का?" असं ती विचारू लागली. एकदा तिनं मला फोन करून सांगितलं की तिला समुद्र बघायचाय, आणि मामांनी तिला गणपतीपुळ्याला नेऊन आणलंसुद्धा. दर मे महिन्यात ती दोघंच पार्कात जायची. मामा पिशवी घेऊन बाकावर, मामी वर. गेल्या थंडीत ती आजारी पडली आणि फार दिवस कुणाला त्रास न देता गेली. तिच्यासाठी मी खूप रडले. अजूनही कधी कधी डाळीला फोडणी देता देता रडू येतं, आणि मी ते आवरत नाही.

यंदाच्या मे महिन्यात मामांचा फोन आला. "जावईबापूस्नी सांग, आता कुनाचा हट्ट सांगाय नगं. मला जायाचंय."

"कुठं मामा?"

"पार्काला. एकदा वर बसून बघावं म्हंतो. ती काय बघत हुती ते कळंल तरी."

आम्ही सांगलीहून गेलो. मामा धुतलेले कपडे घालून आले होते. त्यांना एकट्यानं बसू द्यायचं माझ्या जिवावर आलं म्हणून मी शेजारी बसले, डोळे मिटून. पाळणा वर गेला आणि खालच्या डब्यात माणसं भरायला थांबला. आम्ही अगदी टोकावर होतो. वारा सुटला होता, आणि मामांचा श्वास मला ऐकू येत होता.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"ऊस दिसतोय. रस्ता दिसतोय. लांब कारखान्याची चिमनी हाय." मग ते एका बाजूला वळले तसा डबा हलला. मला वाटलं, त्यांना घेरी आली. मी डोळे उघडले. ते गावाच्या दिशेनं बघत होते, टोपी दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरलेली.

"हितनं आपलं घर दिसत न्हाई," ते म्हणाले.

मीही तिकडं मान वळवली.

"तेवढाच येळ दिसत नसंल तिला," मामा म्हणाले, आणि पाळणा खाली जायला लागला.